फुलर, टकर, वॉकर : एका तुडवणीची तीन नावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंग्लंडमधल्या एक्सिटरला तुमच्या ऑफिसात एक फुलर आहेत, एक टकर आहेत आणि दोन वॉकर. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं की ही तिन्ही आडनावं मुळात एकाच धंद्याची. हे खरं का? खरं असेल तर एका धंद्याला तीन नावं कशी? आणि या आडनावांची नावाजलेली माणसं कोण?

हो, खरं आहे. तिन्हींचा अर्थ एकच : साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं लोकरीचं कापड पाण्यात, खारात आणि मातीत तुडवून आटवणारा, घट्ट करणारा कारागीर. आग्नेय इंग्लंडात त्याला फुलर म्हणत, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेला वॉकर. ठाण्याकडच्या एका लोकरी गिरणीत फिनिशिंग खात्यात मी २९ वर्षं हेच काम केलं, फक्त पायांऐवजी मशीनवर. आम्ही त्याला 'मिलिंग' म्हणायचो. हा शब्दसुद्धा याच गोष्टीतला आहे : हे काम पुढे पाणचक्कीवर गेलं, चक्की म्हणजे मिल, म्हणून मिलिंग. या आडनावांपर्यंत मी शब्दकोशातून पोचलो नाही, ओल्या कापडातून पोचलो. म्हणून आधी कापडाबद्दल सांगतो. ते कळलं की नावं उलगडायला वेळ लागत नाही.

साच्यावरून नुकतंच उतरलेलं लोकरी कापड पाहिलं तर नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. विरळ असतं, ताणाबाणा वेगवेगळा दिसतो, हाताला तेलकट लागतं, कारण सूत कातताना लोकरीला तेल लावलेलं असतं. उजेडासमोर धरलं तर गाळण्यासारखं पलीकडचं दिसतं. याचा कोट शिवला तर वारा आरपार जाईल. पण लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे, सगळे एकाच दिशेने लवलेले. कापड ओलं झालं, थोडं गरम झालं, त्यात साबण किंवा खार गेला आणि वरून दाब बसला की तंतू सरकतात आणि खवले एकमेकांत अडकतात. पुढे सरकायला वाट असते, मागे यायला नसते. कापड आटत जातं, जाड होतं, विणीची भोकं बुजतात. लोकरीचा स्वेटर कधी चुकून गरम पाण्यात धुतला असेल तर तो लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर आलेला तुम्ही पाहिला असेल. घरात जी चूक, तीच या धंद्यात विद्या. किती आटवायचं आणि कुठे थांबायचं, एवढाच सगळा प्रश्न.

आमच्याकडे जाड कोटिंगचं कापड रुंदीत पाव हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आटवायचो. दर थोड्या वेळाने मशीन थांबवायचं, रुंदी मोजायची, चिमटीत धरून पोत बघायचा. मशीनवर आकडे असायचे, तरी शेवटचा निर्णय बोटांचा. जास्त आटलेलं कापड परत सुटत नाही. विणकराची आठवड्यांची मेहनत शेवटच्या दोन तासांत वाया जाऊ शकते. मध्ययुगात तर एकेका ठाणात एका घराची सगळी कमाई अडकलेली असे. म्हणून गावात या माणसाला वजन होतं, त्याच्याकडे बोट दाखवून ओळख सांगितली जात होती, आणि म्हणूनच त्याच्या धंद्याचं आडनाव झालं.

मशीन नव्हतं तेव्हा हे काम पायांनी व्हायचं. लाकडी किंवा दगडी कुंडीत कापड घालायचं, वर शिळं मूत्र ओतायचं आणि उघड्या पायांनी तासन्‌तास तुडवायचं. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो लोकरीतलं तेल सोडवतो. रोमन लोकही हेच करत. पाँपेईच्या अवशेषांत या कारागिरांच्या कुंड्या आजही पाहायला मिळतात आणि सम्राट व्हेस्पाशियनने या मूत्रावर कर बसवला होता. दुसरा जिन्नस म्हणजे एक विशिष्ट चिकणमाती. ती तेल आणि मळ शोषून घेते. इंग्रजीत तिला आजही 'फुलर्स अर्थ' म्हणतात, म्हणजे फुलरची माती. आणि आपण तिला मुलतानी माती म्हणतो. दुकानातल्या मुलतानी मातीच्या पाकिटावर बारीक अक्षरात इंग्रजी नाव वाचून बघा, तुमच्या फुलरसाहेबांचं आडनाव तिथे छापलेलं असतं. इंग्लंडात ही माती सरे परगण्यात रायगेट-नटफील्डच्या भागात, बेडफर्डशायरमध्ये वोबर्नजवळ आणि सॉमरसेटमध्ये बाथच्या आसपास निघत असे. कापडाच्या धंद्याला ती इतकी मोलाची होती की सतराव्या शतकात ती परदेशी पाठवायला बंदी होती.

आता तीन शब्दांकडे वळू.

'फुलर'चं मूळ लॅटिनमध्ये आहे. कापड तुडवणाऱ्याला लॅटिनमध्ये 'फुल्लो' म्हणत, त्यावरून जुन्या इंग्रजीत 'फुल्लेरे' आलं. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर आलेल्या फ्रेंचमध्येही तुडवण्याला 'फुले'सारखंच क्रियापद होतं, त्याने हा शब्द आणखी पक्का केला. पूर्ण भरलेला या अर्थाच्या इंग्रजी 'फुल'शी याचा काही संबंध नाही. राजधानी, दरबार आणि फ्रेंचचा वावर जिथे जास्त, त्या दक्षिण आणि पूर्व परगण्यांत हा शब्द रुळला : केंट, ससेक्स, एसेक्स, सफक, नॉरफक.

'टकर' खास पश्चिमेचा. जुन्या इंग्रजीत 'तूकिअन' म्हणजे छळणं, हाल करणं. त्यावरून 'टकन' हे क्रियापद आलं, म्हणजे कापडाला झोडपून, ओढून घट्ट करणं. शब्द कठोर आहे, पण ज्याने ओल्या लोकरीचा भार कुंडीत घुसळलाय त्याला तो अगदी बरोबर वाटेल. याच क्रियापदातून पुढे कापड ओढून दुमडण्याचा अर्थ निघाला आणि तो शिवणकामात गेला. आपले शिंपी ब्लाउजला 'टक्स' घालतात ना, ते टक्स आणि तुमचे टकर एकाच घरचे. डेव्हन, सॉमरसेट आणि कॉर्नवॉलमध्ये हे आडनाव आजही दाट आहे. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नला लागून 'टकिंगमिल' नावाचं गावच आहे.

'वॉकर'ची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात चूक करणं फार सोपं आहे. वॉक म्हणजे चालणं, हे शाळेतलं पोरही सांगेल. म्हणून लोक म्हणतात, कुंडीत चालत राहायचा तो वॉकर. किंवा राजाच्या जंगलात गस्त घालत फिरायचा तो वॉकर. वनरक्षकासाठी हा शब्द वापरला जात होता हे खरं आहे, आणि एखाद्या घराण्याचं नाव तिथून आलंही असेल. पण एवढी प्रचंड संख्या वनरक्षकांमधून येणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. जुन्या इंग्रजीत 'वेल्कन' म्हणजे लोळवणं, घुसळणं, रगडणं, आणि 'वेल्केरे' म्हणजे कापड रगडणारा. पायी चालण्याचा अर्थ त्या क्रियापदाला त्यामानाने नंतर चिकटला. जर्मनमध्ये कापड आटवण्याला आजही 'वाल्कन'च म्हणतात आणि तिथेही वाल्कर हे आडनाव आहे. नाव आधी होतं, चालणं मागून आलं. यॉर्कशायर, लँकेशायर आणि स्कॉटलंड हा वॉकरांचा मुलूख. तिथे कापड आटवण्याच्या पाणचक्कीला 'वॉक मिल' म्हणत. आज इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या वीसेक आडनावांत वॉकर आहे. फुलर आणि टकर त्याच्या खूप मागे आहेत.

या तिन्ही शब्दांची एकत्र भेट बायबलमध्ये होता होता राहिली आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरच्या कुणालाही तितकी करता येणार नाहीत, असं वाक्य आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरांत तिथे 'फुलर' आहे. चौदाव्या शतकात बायबल इंग्रजीत आणणाऱ्या विक्लिफच्या मंडळींनी तर एका ठिकाणी फुलर लिहून पुढे 'किंवा कापडाचा वॉकर' अशी पुस्तीही जोडली, कारण देशात दोन्ही शब्द चालत होते. मराठी बायबलमध्ये त्या जागी 'परीट' आहे. भाषांतरकाराला दुसरा पर्याय नव्हता. परीट वापरलेलं कापड स्वच्छ करतो, फुलर नवं कापड घडवतो. काम वेगळं आहे, पण आपल्याकडे जवळचा शब्द तोच. आपला मुलूख कापसाचा आणि कापसाच्या तंतूला ते खवले नसतात. सुती कापड कितीही तुडवा, ते असं घट्ट होणार नाही. आपल्याकडे लोकर विणतात ते सनगर. ते घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करतात. तुडवून आटवणं हा वेगळा धंदा म्हणून उभा राहिलेला आणि त्याचं आडनाव झालेलं मराठीत माझ्या पाहण्यात नाही.

पायांची ही तुडवण फार पूर्वीच संपत आली. बाराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे आले. टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या ११८५च्या जमीननोंदीत यॉर्कशायरमध्ये एक आणि कॉट्सवोल्डच्या बाजूला एक अशा दोन चक्क्या नोंदलेल्या आहेत. पाण्याने चाक फिरतं, चाकाचा दांडा आळीपाळीने दोन जड लाकडी हातोडे उचलतो आणि ते कुंडीतल्या कापडावर आदळतात. कितीतरी माणसांच्या पायांचं काम एका ओढ्याने केलं. इतिहासकार एलेनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ साली लिहिलं की तेराव्या शतकातली ही एक औद्योगिक क्रांतीच होती. कापडाचा धंदा जुन्या शहरांतून उठून वाहत्या ओढ्यांच्या डोंगराळ भागात गेला तो यामुळेच. पुढे काही इतिहासकारांना त्यांचं म्हणणं थोडं ताणलेलं वाटलं. पण ओढा आणि लोकर जिथे एकत्र आहेत तिथेच या आडनावांची गर्दी आहे, हे नकाशावर स्वच्छ दिसतं. वेल्समध्ये अशा चक्कीला 'पँडी' म्हणतात. टोनीपँडी या गावाच्या नावात तीच चक्की बसली आहे.

प्रशिक्षणासाठी यॉर्कशायरला गेलो होतो तेव्हा लीड्सच्या आर्मली मिल्स या संग्रहालयात असे हातोडे पाहिले. १७८८ साली त्या एका गिरणीत अशा १८ कुंड्या होत्या. मी त्या लाकडावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. हातोड्याचं तोंड पायऱ्यापायऱ्यांचं कापलेलं असतं, म्हणजे कापड नुसतं ठेचलं जात नाही, प्रत्येक ठोक्याला थोडं वळतं आणि दर वेळी नवी बाजू समोर येते. आमच्या मशीनमध्येही कापड तसंच सतत वळत राहावं लागायचं, नाहीतर घडीची रेघ कायमची बसते. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या सुताराला हे कळलेलं होतं.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र पाण्याऐवजी हात राहिले. तिथल्या बायका लांब फळीभोवती बसून ओलं ट्वीड एका ठेक्यात आपटत आणि ठेका चुकू नये म्हणून गाणी म्हणत. एकजण ओळ सुरू करी, बाकीच्या ध्रुपद उचलत. आपल्या जात्यावरच्या ओव्यांशी त्यांचं नातं सांगायला कुणा पंडिताची गरज नाही. गेलिक भाषेत या कारागिराचं वेगळं आडनाव होतं. इंग्रजी वळण घेताना त्यातली काही घराणी वॉकर झाली. त्यामुळे स्कॉटिश वॉकरांमध्ये असे भाषांतरित वॉकरही मिसळलेले आहेत.

धंद्याचं नाव आडनाव म्हणून कायम झालं ते साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात. १३७७, १३७९ आणि १३८१ साली इंग्लंडात डोईपट्टी लावली गेली, तिच्या याद्या काही परगण्यांत शिल्लक आहेत. यॉर्कशायरच्या १३७९च्या याद्यांत कारागिराच्या नावापुढे धंदाही लिहिलेला सापडतो. त्या पिढीत काही वॉकर खरोखर कापड रगडत होते आणि काही दुसरंच काम करत होते. म्हणजे नाव आणि हात यांची फारकत त्याच वेळी सुरू झाली होती. पुढे १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवणं सक्तीचं झालं. तिथून वंशावळ सलग लावता येते. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळे फुलर एकमेकांचे भाऊबंद असतात असा समज नको. जिथे जिथे चक्की होती तिथे तिथे हे नाव स्वतंत्रपणे उगवलं.

कापडाच्या वाटेवर आणखीही बरीच आडनावं उभी आहेत. विणणारा तो वेब, वेबस्टर किंवा वीव्हर. रंगारी दक्षिणेत डायर, उत्तरेत लिस्टर. जालियनवाला बागेतला जनरल डायर आणि शस्त्रक्रिया जंतुमुक्त करणारा जोसेफ लिस्टर यांची आडनावं धंद्याने एकच. आटवलेल्या कापडावर काटेरी बोंडांनी लव उठवत आणि मग हातभर लांबीच्या कात्र्यांनी ती सारखी कापत. कापणारा तो शिअरमन, त्याचंच पुढे शर्मन झालं, अमेरिकन यादवी युद्धातला सेनापती शर्मन तो हाच. तुडवल्यानंतर कापड आकड्यांच्या चौकटीवर ताणून वाळवत, त्या चौकटीला 'टेंटर' म्हणत. इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमध्ये आज जे 'स्टेंटर' मशीन धडधडतं, ते तिचंच पुढचं रूप.

आता माणसं. यादी देत नाही. ज्यांच्या बाबतीत नाव आणि जागा यांचं काही नातं दिसतं, किंवा जे आपल्या इकडे पोचले, त्यांच्याबद्दल सांगतो.

फुलरांमध्ये पहिला मान थॉमस फुलर यांचा, १६०८ ते १६६१. धर्मोपदेशक आणि इतिहासकार. त्यांच्या मृत्यूनंतर १६६२ साली छापलेल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी इंग्लंडच्या परगण्यापरगण्यातली नामवंत माणसं आणि तिथले खास जिन्नस नोंदवले. सरे परगण्याच्या जिन्नसांत फुलरच्या मातीचीही नोंद आहे. आपल्या थडग्यावर 'फुलरची माती' एवढेच दोन शब्द कोरावेत असं त्यांनी सुचवलं होतं, अशी आख्यायिका सांगतात. इंग्रजीत त्याचे दोन्ही अर्थ लागतात, आणि दोन्ही खरे आहेत.

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेल्यांत सॅम्युएल आणि एडवर्ड हे फुलर बंधू होते. नॉरफकमधल्या रेडनहॉलचे, म्हणजे ऐन फुलर मुलखातले. त्यांचे वडील मात्र खाटीक होते. आडनाव धंद्यापासून किती लवकर सुटलं, याचं एवढं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही. एडवर्ड आणि त्यांची पत्नी पहिल्याच हिवाळ्यात गेले. सॅम्युएल त्या वसाहतीचे वैद्य झाले.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचे म्हणजे अँड्र्यू फुलर, १७५४ ते १८१५. केंब्रिजशायरच्या विकन गावचे, पुढे केटरिंगला धर्मोपदेशक. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंगमध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली आणि मरेपर्यंत तिचे सचिव हेच होते. या संस्थेने १७९३ मध्ये विल्यम केरी या मिशनऱ्यांना भारतात पाठवलं. भारत म्हणजे जणू खोल खाण, केरी तिच्यात उतरणार आणि वर दोर धरून फुलर उभे राहणार, असं त्या मंडळींत म्हटलं जाई. फुलर गावोगाव फिरून पैसे गोळा करत राहिले आणि ते पैसे बंगालला पोचत राहिले. केरींनी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांत मराठी कोश बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला. मराठी छपाईच्या इतिहासात केरींचं नाव सगळे घेतात. दोर धरणाऱ्या फुलरांचं नाव मी मराठीत क्वचितच वाचलंय, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दुसरे बॅम्फिल्ड फुलर. १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर पूर्व बंगाल आणि आसामचे पहिले लेफ्टनंट गव्हर्नर. फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ पेटलेली होती आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. चळवळीत उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या शाळांवर कारवाई करण्याचा त्यांचा आग्रह वरिष्ठ सरकारने मानला नाही आणि ऑगस्ट १९०६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ज्याच्या आडनावात इंग्लंडचं कापड आहे असा माणूस इंग्लंडच्या कापडावरच्या बहिष्कारापुढे उभा होता, हे माझ्या मनातून कधी जात नाही.

अमेरिकेत मार्गारेट फुलर, १८१० ते १८५०. स्त्रियांच्या हक्कांवर १८४५ साली पुस्तक लिहिणारी, पत्रकार, संपादक. युरोपातून परतताना न्यूयॉर्कच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून पती आणि लहान मुलासह गेली. तिच्या भावाच्या वंशातले बकमिन्स्टर फुलर, त्रिकोणांच्या जाळ्याचे हलके घुमट उभारणारे. मॉन्ट्रियलच्या १९६७च्या प्रदर्शनातला अमेरिकेचा घुमट त्यांचाच. त्या घुमटासारखा ६० अणूंचा कार्बनचा रेणू १९८५ मध्ये सापडला, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला त्यांचं नाव दिलं, आणि त्या जातीच्या सगळ्या रेणूंना आज फुलरीन म्हणतात. त्याआधी १९६२ मध्ये अहमदाबादला कॅलिको मिलच्या दुकानासाठी गौतम आणि गिरा साराभाई यांनी त्यांच्या घुमटांवरून प्रेरणा घेऊन एक घुमट बांधला होता. कापडाच्या कुंडीतून निघालेलं नाव फिरून फिरून कापडगिरणीच्या दारात आलं.

टकरांमध्ये ग्लॉस्टरचे डीन जोसाया टकर, १७१३ ते १७९९. अर्थशास्त्राची जाण असलेले धर्मगुरू. अमेरिकन वसाहतींना जाऊ द्या, व्यापार तरीही चालू राहील, असं त्यांनी भर वादात बजावलं होतं. गणितात अल्बर्ट टकर, प्रिन्स्टनचे. 'कैद्याची कोंडी' (प्रिझनर्स डिलेमा) हे प्रसिद्ध कोडं १९५० मध्ये त्या रूपात आणि त्या नावाने त्यांनीच मांडलं. आणि मुंबईशी जोडलेले फ्रेडरिक टकर. १८५३ साली बिहारमधल्या मुंगेरला जन्मलेले, सनदी नोकरी सोडून साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेत गेले आणि सप्टेंबर १८८२ मध्ये मोजक्या साथीदारांसह मुंबईला उतरले. अनवाणी, भगवी वस्त्रं, नाव घेतलं फकीर सिंग. मुंबईच्या रस्त्यावर मिरवणूक काढली म्हणून त्यांना अटकही झाली. गायिका सोफी टकरचं नाव मात्र या यादीत धरू नका. ती जन्माने पूर्व युरोपातल्या ज्यू घरातली आणि तिचं टकर हे पतीच्या 'टक' या आडनावावरून घडवलेलं. नाव धंद्याचं दिसलं तरी घराणं त्या धंद्याचं असेलच असं नाही. हीच गोष्ट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वॉकर घराण्यांची. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांकडे आडनावं वेगळ्याच आणि फार दुःखाच्या वाटेने आली. कादंबरीसाठी १९८३चं पुलित्झर मिळवणाऱ्या ॲलिस वॉकर यांचं नाव वाचताना यॉर्कशायरची चक्की शोधू नये.

वॉकरांमध्ये जॉन वॉकर हे औषधविक्रेते उत्तरेतल्या स्टॉकटन-ऑन-टीजचे. घासून पेटणारी काडी त्यांनी शोधली आणि १८२७ मध्ये विकायला सुरुवात केली. पेटंट घेतलं नाही. दुसरे जॉन वॉकर स्कॉटलंडच्या किल्मार्नकचे. हे गाव लोकरी टोप्या आणि गालिच्यांसाठी नावाजलेलं. तिथे त्यांनी १८२० साली किराणा दुकान काढलं, त्यातून ती जगप्रसिद्ध व्हिस्की आली. बाटलीवरचा लांब पावलं टाकणारा माणूस १९०८ मध्ये चित्रकार टॉम ब्राउन यांनी काढला. नावाचा नवा अर्थ इतका पक्का झाला होता की तो चित्रात उतरला. जुन्या अर्थाने काढायचं तर कुंडीत गुडघाभर उतरलेला माणूस काढावा लागला असता. बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझी यांना गुरुदत्त यांनी याच व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे नाव दिलं, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

मराठी इतिहासात एक वॉकर ठळक आहेत : अलेक्झांडर वॉकर, बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट. मराठ्यांच्या मुलूखगिरीच्या फौजा काठियावाडात दरसाल जाऊन खंडणी वसूल करत. १८०७ मध्ये या वॉकरांनी तिथल्या संस्थानिकांशी करार करून खंडणीचे आकडे कायम केले. काठियावाडच्या इतिहासात तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पण मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते गिल्बर्ट वॉकर. १८६८ साली लँकेशायरमधल्या रॉचडेलला जन्म. रॉचडेल म्हणजे फ्लॅनेलचं गाव, लोकर आटवण्याच्या विद्येचं माहेरघर. ते गणिती होते, हवामानाशी त्यांचा आधी संबंध नव्हता. १९०४ साली ते भारताच्या वेधशाळांचे प्रमुख झाले. छप्पन्नच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६ (इ.स. १८९९-१९००) मधल्या, दुष्काळाच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या आणि पाऊस कधी चुकणार हे आधी कळावं, ही सरकारची निकड होती. वॉकरांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या, पावसाच्या, तापमानाच्या नोंदी गोळा केल्या आणि भारतीय कर्मचाऱ्यांच्या मदतीने हाताने आकडेमोड करत त्यांचे परस्परसंबंध काढले. त्यातून त्यांना दिसलं की प्रशांत महासागरावर दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलटही होतं. याला त्यांनी 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. पुढे एल निनोशी त्याचा धागा जुळला आणि विषुववृत्तावरच्या त्या हवेच्या चक्राला आज वॉकर सर्क्युलेशन म्हणतात. मे महिन्यात मराठवाड्यातला शेतकरी बातम्यांत एल निनो ऐकून काळजीत पडतो, त्या अंदाजामागे रॉचडेलच्या एका वॉकरची २० वर्षांची मेहनत आहे.

आता तुम्ही जिथे राहता तिथे येतो, कारण या सगळ्या गोष्टीसाठी एक्सिटरहून चांगली जागा नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी तुमचं शहर सर्ज कापडाचं मोठं केंद्र होतं. आपल्या आजोबांच्या पिढीत 'सर्जचा कोट' म्हणत, तेच सर्ज. १६९८ मध्ये सेलिया फाइन्स नावाची एक बाई घोड्यावरून देश पाहत तिथे आली आणि तिने सगळं लिहून ठेवलं : खेड्यांतून घोड्यांवर लादून येणारं कापड, ते मूत्रात भिजवणं, साबण लावणं, मग चक्कीतल्या दातेरी लाकडांखाली घालणं. ती लिहिते, वाटतं की कापडाच्या चिंध्या होतील, पण होत नाहीत. तो माणूस कधी थांबायचं हे जाणत होता, म्हणून होत नव्हत्या. शहराबाहेरची शेतंच्या शेतं वाळत घातलेल्या सर्जने झाकलेली असत. वाळवणीच्या त्या चौकटींना डेव्हनमध्ये 'रॅक' म्हणत आणि एक्सिटरच्या जुन्या पश्चिम भागात रॅक स्ट्रीट आहे.

फोर स्ट्रीटवर 'टकर्स हॉल' आहे. विणकर, टकर आणि शिअरमन यांच्या संघाची ही वास्तू १४७१ पासूनची, आणि या संघाला १६२० मध्ये राजाची सनद मिळाली. संघ आजही चालू आहे. तुमच्या टकरसाहेबांना घेऊन एकदा जाऊन या. वर सभागृहाचं जुनं ओकचं छत आहे. खाली मोठ्या कात्र्या दिसल्या तर पातं पाहा, केवढं रुंद आणि जड असतं. आणि त्यांना विचारा की त्यांच्या आजोबा-पणजोबांचं गाव कोणतं. उत्तर डेव्हनमधलंच निघालं तर त्या गावाजवळचा ओढा नकाशावर शोधा आणि त्याच्या काठी 'टकिंग मिल' असं काही लिहिलेलं सापडतं का ते मला जरूर कळवा.